कुंपण खालून भरतं: प्लॉटभोवती जिवंत कुंपण लावणाऱ्या नवख्यांसाठी

गावाकडे पाच-दहा गुंठे घेतले की पहिला प्रश्न कुंपणाचा. सिमेंटचे खांब आणि तारेचा भाव ऐकला की झाडांच्या कुंपणाची आठवण होते. मग जुलैतल्या एखाद्या रविवारी नर्सरीत जायचं, छातीएवढी उंच रोपं निवडायची, ओळीत लावून टाकायची. दोन वर्षांनी जे उभं राहतं ती झाडांची रांग असते. वर पानं, खाली नुसत्या काड्या, आणि काड्यांमधून निवांत ये-जा करणाऱ्या शेळ्या.

शेळी असो, कुत्रं असो की शेजारची कोंबडी, बहुतेक सगळी आत शिरतात ती खालून. म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग दाट होतोय का ते बघा. झाडाची निवड, दोन रोपांतलं अंतर आणि पहिल्या दोन वर्षांची छाटणी, सगळं त्यावरूनच ठरवायचं. उंची आपोआप येते, तिची काळजी नको.

आधी हद्द

कुंपण लावण्याआधी मोजणी झालेली हवी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मोजणी करून घ्या, खुणांचे दगड पक्के रोवा आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, जपून ठेवा. तार उद्या काढून दुसरीकडे लावता येते. पाच वर्षांचं करवंद उपटून चार फूट आत आणता येत नाही.

रोपांची ओळ बरोबर हद्दीवर धरू नका, निदान अडीच-तीन फूट आत घ्या. कारण साधं आहे: कुंपण दोन्ही बाजूंनी छाटावं लागतं. बाहेरची बाजू छाटायला शेजाऱ्याच्या उभ्या पिकात उतरायची वेळ आली, की पहिल्या वर्षी तो हसून बघतो आणि तिसऱ्या वर्षी तलाठ्याकडे जातो. सामाईक बांधावर लावायचं असेल तर त्याच्याशी आधी बोला. कुठली झाडं, किती उंची, छाटणार कोण, हे ठरलं की तो पाणी द्यायलाही मदत करतो.

आणखी एक गोष्ट शहरातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्या प्लॉटातून कुणाची पायवाट जाते का, हे उन्हाळ्यात चार-दोन वेळा जाऊन बघा. वर्षानुवर्षांची वहिवाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा होऊ शकतो. कायद्याचं सोडा, त्या जागेवरची रोपं पायाखाली येऊन मरतातच. वाट असेल तिथे सरळ बेडं ठेवा, म्हणजे कोकणात असतं तसं बांबू सरकवून उघडायचं छोटं फाटक. कुंपण टिकवण्याचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

वर महावितरणची तार आणि खाली पाण्याची पाइपलाइन कुठून जाते, तेही एकदा पाहून घ्या.

कुणाला अडवायचंय?

या प्रश्नाचं उत्तर 'सगळ्यांना' असं असेल तर कुठलंच झाड पुरणार नाही. शेळ्या-गुरं अडवायची तर काटा हवा, किंवा जनावर तोंड लावणार नाही असा कडू पाला. रस्त्यावरची नजर आणि धूळ अडवायची तर बारमाही दाट पानं हवीत, काटा नसला तरी चालतो. वारा अडवायचा तर उंची हवी. माकडांना कुठलंही जिवंत कुंपण अडवत नाही. रानडुक्कर जुन्या, दाट करवंदाला बिचकतं, पण दोन वर्षांच्या कुंपणातून मुसंडी मारून सहज आत येतं, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. दिवाळीनंतर प्लॉटवर पाणी आहे का? आठवड्यातून एकदा कुणी जाणार आहे का? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर डुरांटा, कामिनी, जास्वंद ही नावं मनातून काढून टाका.

झाडं कोणती

घाटमाथा, मावळ, मुळशी, कोकण आणि देशावरची मुरमाड जमीन यांसाठी माझं पहिलं मत करवंदाला. ते मूळचं सह्याद्रीतलं, बारमाही हिरवं. त्याचा काटा दुबेळक्याचा असतो आणि लाकडासारखा कडक. पहिली दोन वर्षं सांभाळलं तर पुढे पाणी मागत नाही. दोन प्रकार मिळतात. एक डोंगरची काळी मैना. दुसरं नर्सरीतलं मोठ्या, गुलाबी-पांढऱ्या फळांचं, लोणच्या-मुरंब्याचं. कुंपणासाठी दोन्ही चालतात. दोष एकच, ते हळू वाढतं. पहिल्या वर्षी तर वाढतं की नाही अशी शंका येते.

घाई नसेल तर करवंदाची रोपं घरीच करा. मे महिन्यात पिकलेली करवंदं खाऊन झाली की बिया धुवा, एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत टोका. बी ठेवून दिलं तर त्याची उगवण झपाट्याने कमी होते. डब्यात भरून पुढच्या वर्षी लावू म्हणणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. या मे-जूनमध्ये टोकलेलं बी पुढच्या जूनमध्ये लावण्याजोगं रोप होतं.

कोयनेल म्हणजे जुन्या बंगल्यांच्या, शाळांच्या आणि बागेतल्या वाटांच्या कडेला दिसतं ते गर्द हिरवं, पांढऱ्या नाजूक फुलांचं कुंपण. याला काटा नाही, पण पाला कडू असल्याने गुरं तोंड लावत नाहीत. मूळचं किनाऱ्याचं झुडूप असल्याने खारा वारा सोसतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राजवळ प्लॉट असेल तर याच्याइतकं बिनघोर दुसरं नाही. फांदीपासून पटकन रुजतं, म्हणून खर्चही कमी. मात्र वाढ जोरदार असते. पावसाळ्यात दर महिना-दीड महिन्याला कात्री चालवायची तयारी नसेल तर ते अस्ताव्यस्त पसरतं.

कमी पावसाच्या भागात, म्हणजे सोलापूर, नगर, मराठवाड्याच्या बाजूला, मेंदी लावा. तिला थोडं पाणी पुरतं, छाटणी ती आनंदाने सोसते आणि फुलांचा वास संध्याकाळी अंगणभर पसरतो. कडक उन्हाळ्यात पानं विरळ होतात, त्याला घाबरू नका. बी रुजवणं कटकटीचं आहे, त्यापेक्षा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब काड्या रुजवणं सोपं.

विलायती चिंच स्वस्तात दाट काटेरी कुंपण देते. उन्हाळ्यात शेंगा खाऊन बिया जमवायच्या आणि जूनमध्ये थेट चरात, दोन ओळींत, अर्ध्या-अर्ध्या फुटावर टोकायच्या. पण तिला दोन अटी आहेत. शेळ्यांना हिचा कोवळा पाला फार आवडतो, त्यामुळे पहिली दोन वर्षं बाहेरून संरक्षण लागतं. आणि छाटणी सोडली तर चाळीस-पन्नास फुटांचे वृक्ष होतात, मग कुंपण संपलं.

घराच्या पुढच्या बाजूला, गेटपाशी, शोभेचं हवं असेल तर कामिनी. हिला काही जण कुंती म्हणतात. अर्धी सावली चालते, पानं दाट असतात, पावसाळ्यात पांढरी सुगंधी फुलं येतात. रोपं महाग असतात आणि वाढ सावकाश. जवळ संत्रा, मोसंबी किंवा लिंबाची बाग असेल तर मात्र कामिनी लावू नका. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कामिनीवर मजेत पोसते. विदर्भात आणि जालन्याच्या बाजूला हे लक्षात ठेवायलाच हवं. सोनेरी पानांचा डुरांटा लवकर भरतो, पण पाणी मागतो, आणि त्याची पिवळी फळं विषारी असतात. लहान मुलं असतील तर फळं धरू देऊ नका. बोगनवेलीला भरपूर ऊन आणि भरपूर जागा लागते. बांबू सहा-आठ फुटांची पट्टी खाऊन टाकतो. चिलार आणि सागरगोटा काट्याच्या बाबतीत बेफाट आहेत, पण ती शेताच्या कडेला शोभतात. पाच गुंठ्यांत ती तुम्हालाच बाहेर काढतील.

गिरीपुष्प, पांगारा आणि शेवगा यांना मी कुंपणात धरत नाही, ते जिवंत खांब. यांचं खोड रुजून उभं राहतं आणि त्याला तार ठोकता येते, पण मधली जागा मोकळीच राहते. बजेट बेताचं असेल तर एक जोडी उत्तम जमते: सहा-आठ फुटांवर गिरीपुष्पाचे दांडे, त्यांना तीन तारा, आणि तारांच्या आतल्या अंगाला करवंदाची ओळ. दांडे मनगटाएवढे जाड, पाच फूट लांब घ्या. पहिल्या पावसाला एक-दीड फूट जमिनीत रोवा, तार मात्र दुसऱ्या वर्षी ठोका. दांडा नीट धरण्याआधी तार ताणली तर मुळं हलतात. गिरीपुष्पाचा पाला वर्षातून दोन-तीनदा कापून करवंदाच्याच बुडाशी टाकायचा, खताचा खर्च वाचतो. निर्गुडी आणि अडुळसा हेही फांदीपासून येतात आणि शेळ्या त्यांना सहसा खात नाहीत. करवंद वाढेपर्यंत बाहेरच्या बाजूला ही ओळ ढालीचं काम करते.

काय लावू नये, तेही सांगतो. कण्हेर आणि बिट्टी यांचा प्रत्येक भाग विषारी आहे, मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात पोचतात. शेराचं कुंपण देशावर जुनं आहे, पाण्याविना तगतं, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. घर असलेल्या प्लॉटवर नको. घाणेरी, बेशरम, वेडी बाभूळ आणि सुबाभूळ ही फुकट मिळतात आणि मग आयुष्यभर वसुली करतात. फायकसचं कुंपण हॉटेलांच्या दारात छान दिसतं, पण त्याची मुळं भिंतीत, टाकीत आणि ड्रेनेजमध्ये शिरतात.

हिशेब

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. प्लॉट चौकोनी असेल तर एक बाजू साधारण १०४ फूट, घेर ४१७ फूट. बारा फुटांचं गेट वजा केलं की उरले ४०५. लांबट प्लॉटाचा घेर याहून जास्त भरतो, तेव्हा स्वतः टेप धरून मोजा.

करवंद दोन ओळींत लावायचं. दोन ओळींत दीड फूट, ओळीतल्या दोन रोपांत दोन फूट, आणि मागच्या ओळीचं रोप पुढच्या दोन रोपांच्या मधोमध. म्हणजे रोपं झाली ४०५ च्या आसपास. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, दहा टक्के जास्त धरा, साधारण ४४५. कोयनेल, मेंदी, डुरांटा एका ओळीत एक-एक फुटावर पुरतात. कामिनी दीड फुटावर, बोगनवेल चार फुटांवर.

आता पाण्याचा हिशेब. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला पाच लिटर धरलं तर ४०५ रोपांना दोन हजार लिटर. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा द्यावं लागतं, म्हणजे चार हजार. एवढं पाणी नसेल तर या वर्षी फक्त रस्त्याकडची एक बाजू लावा आणि बाकीच्या तीन पुढच्या वर्षांसाठी ठेवा. एक बाजू नीट जगलेली चार बाजू मेल्यापेक्षा कधीही बरी, आणि पुढच्या बाजूंसाठी काड्या-बिया तिथूनच मिळतात.

चर: एप्रिल-मे

खड्डे नकोत, सलग चर खणा. एका ओळीसाठी दीड फूट रुंद, दीड फूट खोल. दोन ओळींसाठी रुंदी अडीच फूट. खणताना वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. चर महिनाभर उघडा तापू द्या. मजुरांना सलग चराचा कंटाळा येतो, ते 'साहेब, खड्डे मारून देतो' म्हणतात. ऐकू नका. मुरमात खड्डा म्हणजे मुळांना कुंडीच. रोप दोन वर्षं बरं दिसतं, मग मुळं भिंतीला टेकतात आणि वाढ थांबते. चरात मुळं ओळीने पसरतात आणि पाणीही ओळीने मुरतं.

याचा एक जुना दाखला आहे. इंग्रजांनी मीठकर चुकवून जाणाऱ्यांना अडवायला उत्तर हिंदुस्थानातून थेट बुऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत नाकेबंदीची रेषा आखली होती, आणि तिच्यावर मैलोन्‌मैल काटेरी कुंपण होतं. १८६७ ते १८७० या काळात ते खातं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे होतं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. सुक्या काट्यांचं कुंपण सतत बदलावं लागतं म्हणून त्यांनी जिवंत कुंपणावर जोर दिला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग अशी त्या त्या भागात तगणारी झाडं जमीन बघून लावली, आणि जिथे माती निकस होती तिथे चर खणून चांगली माती भरली. ती रेषा १८७९ मध्ये रद्द झाली. कराबद्दल काय बोलायचं ते बोला, पण कुंपणाची रीत अजूनही हीच आहे.

चर भरताना आधी वरची माती, मग दर दोन-तीन फुटांना एक घमेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं हवं. अर्धकच्चं शेण टाकलंत तर हुमणीला (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीला जेवण वाढल्यासारखं आहे. मुरमाड माळावर जवळच्या तळ्यातला पोयटा, म्हणजे गाळ, मिळाला तर आणा. भराव जमिनीपेक्षा वीतभर वर ठेवा, पहिल्या दोन पावसांत तो खाली बसतो.

काळ्या जमिनीत उलटं करायचं. तिथे चरात पाणी साचून मुळं कुजतात. फूटभर खणून माती मोकळी करा आणि वर वरंबा ओढून त्यावर लावा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि मुळं उघडी होतात, म्हणून हलकी कोळपणी करून भेगा बुजवायच्या आणि वर आच्छादन ठेवायचं.

रोपं निवडताना

उंच रोप घेऊ नका. फूट-दीड फुटाचं, बुडापासून दोन-तीन फुटवे असलेलं, गुटगुटीत रोप शोधा. पिशवी उचलून तळ बघा. मुळं फाडून बाहेर आली असतील, गोल गोल वळली असतील, तर ते रोप नर्सरीत फार दिवस बसलेलं आहे. सामाजिक वनीकरणाच्या आणि कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत चौकशी करा, साधी रोपं तिथे कमी दरात मिळतात. ती मे महिन्यातच सांगून ठेवावी लागतात. नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालून आणलेली रोपं आठ-दहा दिवस प्लॉटवरच ठेवा, आधी झाडाच्या सावलीत, मग उन्हात. एवढ्यानेच मर बरीच कमी होते.

लावणी

कोकणात मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की, देशावर आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. कॅलेंडरपेक्षा जमीन बघा. वीतभर खोल ओल गेलेली हवी आणि वाफसा आलेला हवा, म्हणजे माती ओली पण मोकळी, चिखल नसलेली. चिखलात लावलं तर मातीचा गारा होऊन मुळांभोवती घट्ट बसतो. दिवस ढगाळ असेल तर उत्तम, नाहीतर दुपारी चारनंतर.

दोरी बांधा, फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) खुणा करा. पिशवी ब्लेडने एका बाजूने उभी चिरा आणि मातीची पिंड न फोडता काढा. तळाची वळलेली मुळं छाटून टाका. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा, त्याहून खोल नको. माती ढकलून टाचेने चारी बाजूंनी दाबा. रोपाला धरून हलकेच ओढा. उपसून येत असेल तर माती पोकळ राहिली आहे. पाऊस असला तरी लावल्यावर तांब्या-दोन तांबे पाणी ओता, त्याने आतल्या पोकळ्या बसतात. पिशव्या गोळा करून प्लॉटबाहेर न्या. गुरं प्लास्टिक खातात.

बुडाशी पाचट, पेंढा किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका.

लावल्याच्या दिवशीच बाहेरच्या अंगाला बाभळीच्या-बोरीच्या फांद्यांची वई, म्हणजे सुक्या काट्यांचं कुंपण, घाला. सुकी वई दीड-दोन वर्षं टिकते, तोवर आतलं कुंपण गुडघ्यापर्यंत येतं. काटे मिळाले नाहीत तर जुन्या साड्या बांधा. रानडुकरं बिचकावीत म्हणून शेतकरी पिकाभोवती साड्या बांधतात, ते काही उगाच नाही.

कात्री: इथेच कुंपण ठरतं

आता सगळ्यात अवघड काम. लावून महिना झाला, नवी पालवी आली, रोप जरा बाळसं धरू लागलं, की ते कापायचं. कोयनेल, मेंदी, डुरांटा यांना जमिनीपासून सहा ते आठ इंच ठेवा, बाकी सगळं उडवा. करवंद हळू वाढतं, त्याचा फक्त शेंडा फूटभर उंचीवर खुडा. कामिनीचंही तसंच.

लोकांचा हात इथे थांबतो. पैसे देऊन आणलेलं, जगवलेलं रोप अर्ध्यावर तोडायचं म्हणजे जिवावर येतं. पण का तोडायचं ते एकदा बघा. शेंड्याकडून ऑक्सिन हे संप्रेरक खाली येत असतं आणि ते खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं, म्हणून रोप सरळ वर जातं. शेंडा गेला की हा दाब सुटतो. कापलेल्या कोयनेलजवळ दहा-पंधरा दिवसांनी उकिडवे बसून पाहा. कापाच्या खालच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा फुगवटा दिसतो. आणखी आठवड्याने त्यातून दोन चिमुकली पानं जोडीने उघडतात. एका काडीच्या जागी चार झाल्या, त्याही जमिनीलगत. पुढे या चारही सहा-आठ इंच वाढल्या की परत निम्म्यावर कापायच्या. पहिल्या वर्षात अशी तीन-चारदा कात्री चालली की खालचा भाग इतका गुंततो की हात घालता येत नाही. हीच कापणी तिसऱ्या वर्षी केली तर फुटवे वर कापाजवळ येतात आणि बूड मोकळंच राहतं. नंतर ते भरायचं म्हणजे सगळं कुंपण जमिनीपासून फूटभर ठेवून पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागतं.

दर छाटणीला उंची अर्ध्या फुटापेक्षा जास्त वाढू द्यायची नाही. कंबरेएवढं व्हायला दोन-तीन वर्षं लागली तर लागू देत. करवंदाला त्याहून जास्त.

आकार उपड्या ठेवलेल्या बादलीसारखा ठेवा, बुडाशी रुंद आणि वर अरुंद. वर रुंद झालं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात आणि खाली परत काड्या दिसू लागतात. उभ्या भिंतीसारखं छाटलेलं कुंपण नवं असताना देखणं दिसतं, पण बूड हळूहळू उघडं पडतं. कोवळ्या रोपांना सिकेटर, म्हणजे एका हाताची छोटी कात्री, वापरा, दोन्ही हातांची मोठी कात्री दुसऱ्या वर्षापासून. करवंदाला कातडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. त्याचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही.

फळं हवी असतील तर करवंदाची मोठी छाटणी फळं संपल्यावर, पावसाच्या तोंडावर करा. हिवाळ्यात छाटलंत तर फुलं जातात. आणि कुठल्याही महिन्यात कात्री चालवण्याआधी आत बुलबुलचं घरटं नाही ना, ते बघून घ्या.

दिवाळी ते मृग

पहिला उन्हाळा पार पडला की करवंद आणि मेंदी जगली म्हणायची. थोडं थोडं रोज पाणी देऊ नका, मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा, एप्रिल-मेमध्ये दोनदा, पण भरपूर द्या. रोज जाणं होत नसेल तर ठिबक घाला. सोळा मिलिमीटरची इनलाइन नळी ओळीलगत टाकली की झालं. दीड-दोन फुटांवर रोपं असतील तर चाळीस ते साठ सेंटीमीटर अंतराची छिद्रं असलेली नळी घ्या. खारी आणि उंदीर ती कुरतडतात, म्हणून महिन्यातून एकदा पाणी सोडून पूर्ण ओळ चालत जाऊन बघायची.

घाटाकडे पाण्याहून मोठा धोका वणव्याचा. फेब्रुवारी ते मे या काळात बाहेरच्या माळावर कुणी काडी टाकली की वाळलेल्या गवतातून आग थेट कुंपणात येते, आणि घातलेली सुकी वई तर इंधनच. जानेवारी संपायच्या आत कुंपणाबाहेर सहा-आठ फुटांची पट्टी गवत काढून साफ करा, जाळरेषा म्हणतात ती. बुडाशी टाकलेला पाचोळाही त्या काळात मातीने झाकून टाका. वरून जळलेलं करवंद लगेच उपटू नका. फूटभर ठेवून कापा आणि पावसाची वाट बघा, बहुधा बुडातून फुटतं.

कीड-रोग फारसे नसतात, पण अमरवेलीकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. कोयनेल, मेंदी आणि डुरांट्यावर ही पिवळी, शेवयांसारखी वेल कुठून तरी येतेच. नुसती ओढून काढली तर फांदीला चिकटलेले तुकडे पुन्हा वाढतात. ती जिथवर पोचली आहे त्याच्या वीतभर खालून सगळी फांदी कापायची आणि जाळायची, फुलं येण्याआधी. ते तुकडे कंपोस्टमध्ये किंवा शेजारच्या ओढ्यात टाकू नका. जास्वंद लावलं असेल तर पांढरा पिठ्या ढेकूण येणारच. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि निंबोळी अर्काने तो आटोक्यात राहतो.

दुसरा पावसाळा

जूनमध्ये ओळ चालत जाऊन मेलेल्या रोपांच्या जागी खुणेच्या काड्या रोवा आणि राखून ठेवलेल्या रोपांनी नांग्या भरा. सुरुवातीला घेतलेली ती जास्तीची चाळीस रोपं पिशवी बदलून वाढवत ठेवली असतील तर ती आता ओळीतल्या बाकीच्यांच्या उंचीची असतात. नवी छोटी रोपं मध्ये लावली तर दोन्हीकडच्या सावलीत ती खुरटतात आणि नेमकं तिथेच भगदाड राहतं. एकाच जागी तीन-चार सलग रोपं मेली असतील तर पुन्हा लावण्याआधी तिथे उकरून बघा. बहुतेक वेळा खाली दगड निघतो, नाहीतर वाळवीचं घर. सलग मर नसेल पण रोपं तुडवलेली दिसत असतील, तर ती कुणाची तरी वाट आहे. तिथे रोप न लावता बेडं बसवा.

छाटलेल्या काटेरी फांद्या वाटेवर पडू देऊ नका, मोटरसायकलची ट्यूब आणि गुरांचे खूर दोन्ही त्यात सापडतात. त्या कुंपणाच्या बाहेरच्या बुडाशीच, जिथे जिथे अजून उजेड आरपार दिसतो, तिथे दाबून बसवा.